मामा दारूला शिवलेही नव्हते, मग लिव्हरचा कॅन्सर कसा?

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भाऊ ३४ वर्षांचा, रक्तदान शिबिरानंतर ब्लड बँकेतून बोलावणं आलं, एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी चा व्हायरस. एसजीपीटी (लिव्हरला सूज आहे का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) नॉर्मल आहे म्हणून जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं की तो फक्त कॅरिअर आहे, म्हणजे व्हायरस अंगात आहे पण त्रास नाही, विसरून जा, काही करायची गरज नाही. पण तुमचे सख्खे मामा ५२ व्या वर्षी लिव्हर कॅन्सरने गेले, ते आयुष्यात कधी दारूला शिवले नव्हते, त्यामुळे घरात सगळे घाबरलेत. आणि तुमचा थेट प्रश्न असा की हिपॅटायटिस बी मुळे कॅन्सर होतो हे खरंच सिद्ध झालंय, का टेस्ट आणि औषधं खपवायला घातलेली भीती आहे.

मी पोटविकार आणि लिव्हरचाच डॉक्टर आहे, असे पेशंट रोज बघतो. सिद्ध झालंय, आणि इतकं ठामपणे सिद्ध झालेल्या गोष्टी मेडिकलमध्ये फार कमी आहेत. पण ते कुणी आणि कसं सिद्ध केलं हे सांगितल्याशिवाय तुमच्या घरातलं कोडं सुटणार नाही म्हणून जरा लांबून येतो, कंटाळू नका.

या व्हायरसचा शोध लागला तोच अपघाताने. बारूक ब्लमबर्ग नावाचा अमेरिकन संशोधक कावीळ शोधतच नव्हता, वेगवेगळ्या देशांतल्या माणसांच्या रक्तातल्या प्रोटीनमध्ये आनुवंशिक फरक काय असतात हे बघत जगभरातून रक्ताचे नमुने गोळा करत होता. हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या आजाराच्या) पेशंटना आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागतं त्यामुळे त्यांच्या रक्तात परक्या प्रोटीनविरुद्धच्या अँटीबॉडी भरपूर, तर त्याने ते रक्त या नमुन्यांसमोर लावून बघितलं आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या नमुन्याशी रिअॅक्शन आली. म्हणून नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटीजेन, आमचे जुने सर अजूनही हेच नाव घेतात. १९६५ मध्ये ते छापून आलं, याचा कावीळीशी संबंध आहे हे कळायला अजून दोनतीन वर्षं गेली, आणि हे त्या व्हायरसचं वरचं आवरण आहे हे त्याच्याही नंतर कळलं. तुमच्या भावाच्या रिपोर्टवर जे एचबीएसएजी लिहिलंय ना, ते हेच. ब्लमबर्गला १९७६ चं नोबेल मिळालं आणि त्याचा वाढदिवस २८ जुलै हा आता जागतिक हिपॅटायटिस दिन आहे.

पण मला ज्या माणसाबद्दल सांगायचंय तो दुसरा, ज्याचं नाव डॉक्टर लोकांनाही पटकन आठवत नाही. पामर बीझली. हाही अमेरिकन, पण याचं सगळं महत्त्वाचं काम झालं तैवानमध्ये. त्या काळात तैवानमध्ये मोठ्या माणसांपैकी साधारण १५ ते २० टक्के लोकांच्या रक्तात हा व्हायरस सापडायचा आणि लिव्हर कॅन्सरही तिथे प्रचंड. दोन्ही गोष्टी एकाच गावात दिसतात म्हणून एकीने दुसरी होते असं नसतं, त्यामुळे लोक शंका काढायचे आणि शंका रास्त होती. कॅन्सरच्या पेशंटमध्ये व्हायरस सापडतो हे खरं, पण कशावरून आधी कॅन्सर झाला आणि मग खराब लिव्हरमध्ये व्हायरस शिरला नाही? कशावरून दवाखान्यात सुया टोचून टोचून लागण झाली नाही? शेंगदाण्या-मक्याच्या बुरशीतलं अफलाटॉक्सिन कशावरून खरं कारण नाही?

(अफलाटॉक्सिन हे काही लांबचं नाही हं. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशी आलेला मका खाऊन कावीळीची साथ आली होती, ३९७ जण आजारी आणि १०६ मृत्यू. पुढे शांघायमधल्या अभ्यासात दिसलं की बुरशीचं विष आणि हिपॅटायटिस बी दोन्ही एकाच माणसात असले तर कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. त्यामुळे काळे पडलेले, कडवट लागणारे शेंगदाणे कूट करून आमटीत ढकलायचे नाहीत, सरळ फेकायचे.)

तर बीझलीने काय केलं, आजारी माणसांपासून सुरुवातच केली नाही. धडधाकट माणसं घेतली. तैवानच्या सरकारी नोकरांना सरकारी विमा होता, त्यामुळे कोण वारलं आणि कशाने वारलं याची नोंद आपोआप होत होती, जवळजवळ कुणीच हरवत नव्हतं. १९७५ ते ७८ या काळात त्याने अशा २२,७०७ पुरुषांचं रक्त घेऊन ठेवलं. त्यातले ३,४५४ एचबीएसएजी पॉझिटिव्ह, उरलेले १९,२५३ निगेटिव्ह. आणि मग वाट बघत बसला. बस, एवढंच. ना कुठलं भारी मशीन, ना कुठला चमत्कार, नुसतं रजिस्टर आणि चिकाटी, आणि माझ्या मते लिव्हरच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, नोबेलवाल्या शोधापेक्षाही कांकणभर जास्त, अर्थात हे माझं वैयक्तिक मत.

१९८१ मध्ये लॅन्सेट या मेडिकल नियतकालिकात निकाल आला. तोपर्यंत या सगळ्यांत मिळून ४१ जण लिव्हर कॅन्सरने वारले होते आणि त्या ४१ पैकी ४० जण पॉझिटिव्ह गटातले होते. निगेटिव्ह गट पाचपटीहून मोठा, आणि त्यात फक्त एक. धोका किती पट, तर २२३ पट! सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचं नातं आपण शाळेपासून ऐकतो, तिथे हा आकडा साधारण १५-२० पटीच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. आणखी एक आकडा मला जास्त हलवून गेला होता, पॉझिटिव्ह गटात जेवढे मृत्यू झाले त्यातले ५४ टक्के लिव्हर कॅन्सर किंवा सिरोसिसमुळे (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) होते, निगेटिव्ह गटात हेच प्रमाण दीड टक्का. आणि ही सगळी माणसं नाव नोंदवताना तुमच्या भावासारखीच होती, कामावर जाणारी, कसलाही त्रास नसलेली. व्हायरस आधी, कॅन्सर नंतर, वाद संपला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने हिपॅटायटिस बी आणि सी दोन्हींना कॅन्सरचं पक्कं कारण म्हणून यादीत टाकलं.

आता तुमच्या मामांकडे येऊ, कारण बीझलीच्या कामाचा दुसरा भाग थेट तुमच्या घराला लागू पडतो.

मोठ्या माणसाला हा व्हायरस लागला, समजा नवऱ्याकडून बायकोला किंवा सुईतून, तर काहींना कावीळ होते, महिना दोन महिने माणूस झोपून राहतो, बऱ्याच जणांना कळतही नाही, आणि बहुतेक वेळा शरीर व्हायरसला हाकलून देतं, कायमचा राहतो तो जेमतेम पाच टक्के लोकांत. पण जन्मताना बाळाला लागला तर ९० टक्के बाळांत तो आयुष्यभर राहतो, कारण बाळाच्या शरीराला हा परका आहे हेच ओळखता येत नाही. कावीळ होत नाही, ताप येत नाही, बाळ गुटगुटीत. तीस-चाळीस वर्षं काहीच कळत नाही. बीझली आणि त्याची सहकारी क्लॅड स्टीव्हन्स यांनी तैवानमध्ये पॉझिटिव्ह पण ठणठणीत असलेल्या १५८ आयांच्या बाळांचा पाठपुरावा केला, १९७५ मध्ये छापलं, ४० टक्के बाळं सहा महिन्यांच्या आत पॉझिटिव्ह झाली होती. पुढे कळलं की आईच्या रक्तात ई अँटीजेन (व्हायरस जोरात वाढत असल्याची खूण) असेल तर ८५ टक्के बाळांना लागण होते. म्हणजे पन्नाशीत निघालेल्या कॅन्सरची सुरुवात बऱ्याचदा बाळंतपणाच्या खोलीत झालेली असते, दारू न पिता, बाहेरचं न खाता, काहीही न करता.

त्यामुळे मामा ५२ व्या वर्षी गेले आणि भाचा पॉझिटिव्ह हे ऐकल्यावर माझं पहिलं लक्ष भावाकडे गेलंच नाही, तुमच्या आजीकडे गेलं. आजी पॉझिटिव्ह असली तर मामांना तिच्याकडून, तुमच्या आईला तिच्याकडून, आणि आईकडून तुमच्या भावाला, असा सरळ रस्ता दिसतो. आता आजी नाहीत असं तुम्ही लिहिलंय त्यामुळे खात्री करता येणार नाही, आणि आपल्याकडे तैवानइतकं प्रमाण आईकडून नाही, लहानपणी घरातल्या घरात भावंडांकडून, खरचटलेल्या जखमेतून, एकच ब्लेड किंवा सुई वापरून असंही पुष्कळ पसरतं. पण आईची टेस्ट झालीये का? तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही, आणि तुमच्या स्वतःच्या टेस्टचाही नाही. नेहमी असंच होतं, ज्याचा रिपोर्ट आला त्याच्या मागे सगळं घर लागतं, त्याचं ताट-वाटी वेगळी करतात, पथ्याला बसवतात, पांढरी कावीळ म्हणून झाडपाल्याच्या औषधाला दहा गावं फिरवतात, आणि ज्यांची तपासणी व्हायला पाहिजे ते मोकळे राहतात. ताट-वाटी वेगळी करू नका, या व्हायरसचा जेवणाशी काही संबंध नाही, तो हिपॅटायटिस ए आणि ई चा विषय, पाण्यातून येणारा. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर मात्र वेगळं. आणि हातावरून कावीळ उतरवून घेणं वगैरे, त्यात मी पडत नाही, फक्त एवढं सांगतो की कावीळ नसताना उतरवणार काय? भावाला कावीळ नाहीच आहे.

बीझली पुढे थांबला नाही, हे मला सगळ्यात आवडतं. रस्ता सापडला तर तो बंद करता येईल का बघू म्हणून त्याने पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना जन्मल्याबरोबर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन आणि सोबत लस असं दिलं, १९८३ मध्ये निकाल आला, दोन्ही मिळून ९४ टक्के संरक्षण. तैवान सरकारने जुलै १९८४ पासून पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना आणि १९८६ पासून सगळ्याच बाळांना लस सुरू केली, देशभर अशी मोहीम काढणाऱ्या अगदी पहिल्या देशांपैकी तो एक. तैपेईतल्या मुलांमध्ये पॉझिटिव्ह सापडण्याचं प्रमाण १९८४ मध्ये ९.८ टक्के होतं ते पंधरा वर्षांत ०.७ वर आलं. आणि १९९७ मध्ये तिथल्याच चांग मेई-ह्वेई या बालरोग तज्ज्ञ बाईंनी दाखवलं की ६ ते १४ वयाच्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर लाखात ०.७० वरून ०.३६ वर आला, म्हणजे निम्मा. लस टोचून कॅन्सर कमी झाल्याचा हा जगातला पहिला पुरावा. आज मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देतात त्याची एवढी चर्चा होते, पण कॅन्सरवरची पहिली लस ही.

आपल्याकडे हे यायला उशीर झाला. बाहेरून येणारी लस सामान्य माणसाला परवडण्यासारखी नव्हती, १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली तेव्हा किंमत खाली आली. सरकारी लसीकरणात २००२-०३ मध्ये काही भागात प्रयोग म्हणून सुरू झाली आणि देशभर २०११ मध्ये. म्हणजे तुमचा भाऊ जन्मला तेव्हा सरकारी दवाखान्यात ही लस मिळतच नव्हती, त्यामुळे आईने काही चूक केली असं कुणी घरात बोलत असेल तर त्यांना हे वाचायला द्या. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे की भारतात जवळजवळ ३ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आहे, आणि जगभरात ज्यांना आहे त्यातल्या १३ टक्क्यांनाच ते माहीत आहे. तुमच्या भावाला रक्तदानामुळे कळलं हे एका अर्थी नशीब. कोकणातल्या माझ्या कितीतरी पेशंटना गल्फच्या नोकरीच्या मेडिकलमध्ये कळलं, तिकीट काढून ठेवलेलं, आणि रिपोर्टवर अनफिट. त्यांचा राग मी समजू शकतो, पण त्यातल्या काहींचं लिव्हर त्यामुळेच वाचलंय.

आता ते "कॅरिअर आहे, विसरून जा" प्रकरण. त्या डॉक्टरांवर रागावू नका, पूर्वी आम्हाला असंच शिकवलं जायचं. पण एसजीपीटी नॉर्मल म्हणजे व्हायरस शांत असं नसतं. तैवानमध्येच चेन चिएन-जेन यांनी (हे गृहस्थ पुढे चक्क त्या देशाचे उपराष्ट्राध्यक्ष आणि नंतर पंतप्रधान झाले, साथरोगाचा संशोधक पंतप्रधान, कल्पना करा) ३,६५३ पॉझिटिव्ह लोकांवर अभ्यास केला, २००६ मध्ये आला. ज्यांच्या रक्तात व्हायरस अगदी नगण्य त्यांच्यात तेरा वर्षांच्या काळात कॅन्सर १.३ टक्के, आणि ज्यांच्यात मिलिलिटरमागे दहा लाखांच्या वर त्यांच्यात जवळजवळ १५ टक्के. हा व्हायरस डीएनएचा आहे आणि लिव्हरच्या पेशीच्या डीएनएमध्ये स्वतःचे तुकडे घुसवतो, त्यामुळे बी मध्ये कधीकधी सिरोसिस न होताच कॅन्सर होतो. हिपॅटायटिस सी चं तसं नाही, तो बहुतेक वेळा आधी सिरोसिस करतो आणि मग गाठ येते. आणि सी आता तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, बी होत नाही, दाबून ठेवता येतो. त्यामुळे कुणी तुम्हाला सहा आठवड्यांत बी निगेटिव्ह करून देतो म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

दाबून ठेवण्याचा उपयोग होतो का, तर होतो. २००४ मध्ये लिव्हर आधीच बऱ्यापैकी खराब झालेल्या ६५१ पेशंटवर जुन्या लॅमिव्हुडिन गोळीची ट्रायल आली होती, गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर ३.९ टक्के, न घेणाऱ्यांत ७.४. आताच्या टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिर त्याहून खूप चांगल्या, दिवसाला एक गोळी, व्हायरस सहसा त्यांना दाद न देणारा होत नाही. सगळ्यांनाच लागतात असं नाही पण सुरू केल्या तर मनाने बंद करायच्या नाहीत, बंद केल्यावर व्हायरस उसळून लिव्हर फेल झालेले पेशंट मी आयसीयूत बघितलेत.

तर भावासाठी, व्हायरल लोड म्हणजे एचबीव्ही डीएनए (रक्तात व्हायरस किती आहे ते), ई अँटीजेन, एसजीपीटी परत एकदा, प्लेटलेट, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी. सोबत हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही एकदा बघून टाकायची. हे करून घ्यायला मोठ्या शहरातच जायला पाहिजे असं नाही, २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे, टेस्ट आणि औषध दोन्ही फुकट, जिल्ह्याच्या सिव्हिलला चौकशी करा. फायब्रोस्कॅन सगळीकडे नसतो, नसला तर एसजीओटी (लिव्हरचीच अजून एक रक्ताची टेस्ट) आणि प्लेटलेटवरून अंदाज काढता येतो. घरात लिव्हर कॅन्सरची केस झालेली असल्यामुळे तुमच्या भावाला मी चाळिशीची वाट बघायला सांगणार नाही, आत्तापासून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ताची टेस्ट. दर सहा महिन्यांनी म्हणजे खरंच सहा, एक वर्ष झालं तर चालतं का विचारतात सगळे, नाही चालत, गाठ लहान असतानाच सापडली पाहिजे. शांघायमध्ये १८,८१६ लोकांवर हे करून बघितलंय, सहा महिन्यांची तपासणी केलेल्या गटात लिव्हर कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. तेही तपासणीला सगळे जण नियमित येत नव्हते तरी. दोन सेंटीमीटरची गाठ जाळता येते, कापता येते, आणि पोटात पाणी होऊन पेशंट आला की माझ्या हातात फार काही उरत नाही. मामांचं नेमकं तेच झालं असणार, कारण त्यांना आधी कुणी टेस्ट करायलाच सांगितलं नव्हतं.

दारू घेत असेल तर बंद, थोडी वगैरे नाही. वजन आणि शुगर सांभाळायची, फॅटी लिव्हरची भर नको. आणि पुढे कधी कुठल्याही आजारासाठी केमो किंवा जास्त दिवस स्टिरॉइड सुरू करायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगायचं की मी बी पॉझिटिव्ह आहे, झोपलेला व्हायरस अशा औषधांनी जागा होतो.

भावाच्या बायकोची टेस्ट करून निगेटिव्ह असली तर लस, शून्य, एक आणि सहा महिने, तिसऱ्या डोसनंतर अँटीबॉडी मोजून घ्यायच्या, तोपर्यंत कंडोम. तुम्ही लिहिलंय की त्यांना मूल हवंय, हवंच असेल तर बिनधास्त होऊ द्या, बापाकडून बाळाला जन्मताना लागण होण्याची भीती नसते. सगळा घोळ आई पॉझिटिव्ह असेल तर. म्हणून घरात दुसरी कुणी गरोदर असेल, तुमची बहीण, मामांची मुलगी, तर तिची टेस्ट आजच्या आज. पॉझिटिव्ह निघाली आणि व्हायरल लोड दोन लाखाच्या वर असला तर सातव्या महिन्यापासून टेनोफोव्हिर देतात, आणि बाळाला जन्मल्यापासून बारा तासांच्या आत अँटीबॉडीचं इंजेक्शन आणि लस, एक या मांडीत एक त्या मांडीत. ते इंजेक्शन महाग आहे आणि रात्री बारा वाजता लेबर रूममध्ये हमखास मिळत नाही, आठव्या महिन्यातच कुठे मिळेल ते विचारून ठेवायचं. आईने अंगावर पाजलं तरी चालतं. आणि आई निगेटिव्ह असली तरी बाळाला पहिल्या चोवीस तासांतला डोस मिळाला का ते डिस्चार्ज कार्डवर बघून घ्या, दीड महिन्याला पेंटाव्हॅलंट (हिपॅटायटिस बी सकट पाच रोगांची लस) आहेच की म्हणून हा डोस चुकवला जातो, आणि बाळ वाचवायचे तास नेमके तेच असतात.

आधी आईची एचबीएसएजी करा, मग तुमची, मग मावशी असेल तर तिची आणि मामांच्या मुलांची. साधी टेस्ट आहे, कुठल्याही लॅबला होते. भावाचा व्हायरल लोड आला की आकडा एककासकट कळवा, आययू का कॉपीज ते बघून, आणि सोबत प्लेटलेट. मग गोळी लागेल का नाही ते सांगतो.